पडद्यावर न आलेला हात

१

ड्राइव्ह-इनच्या पडद्याला पोट होतं, हे शहरात फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. समोरून तो नुसता पांढरा, चार मजली उंच, मख्ख चेहऱ्याचा. पण मागच्या बाजूने त्याला दुसरी भिंत होती आणि दोन भिंतींच्या मधे एक अरुंद खोली. तिच्यातून वर टोकापर्यंत लोखंडी शिडी जायची.

गाडीत बसून सिनेमा बघायचं ते थिएटर बंद पडून पस्तिसेक वर्षं लोटली होती. जमिनीचं भांडण कोर्टात कुजत पडलं आणि मैदान गवताने गिळलं. गाड्यांची तोंडं पडद्याकडे वर उचलली जावीत म्हणून केलेले मातीचे उंचवटे तेवढे ओळीने उरले, आणि त्यांच्या कडेला स्पीकर टांगायचे लोखंडी खांब. वारा सुटला की ते खांब आपापसात बोलतात, अशी वदंता होती. संध्याकाळनंतर तिथून जायची वेळ आली तर भलेभले पाय उचलायचे.

अखेर कोर्टाचा निकाल लागला आणि मशीन आणून पडदा पाडायला सुरुवात झाली. मागच्या भिंतीत एक दार विटांनी बुजवलेलं सापडलं. कामगारांनी विटा काढल्या, आत उजेड टाकला आणि दोघं जण जे बाहेर पळाले ते थेट रस्त्यावर जाऊन थांबले.

आत भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. म्हणजे माणसाचं जे काय उरतं ते. जवळ एक लाकडी शिडी आडवी पडली होती. गळ्यातल्या दोरीत पितळी चौकटीची काळी काच होती, आणि कुजलेल्या सदऱ्याच्या खिशात निळ्या काचेचा चुरा.

शेवटच्या खेळाच्या रात्रीपासून थिएटरचा ऑपरेटर, सिनेमाचं मशीन चालवणारा, नाहीसा झाला होता; पोलिसांनी तिसऱ्या दिवशी त्याच्या लेकीला बोलावून ती काळी काच दाखवली. लेक आता चाळिशी ओलांडलेली, शाळेत गणित शिकवणारी, फळ्याशी ताठ उभी राहणारी बाई. काच हातात घेऊन तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "म्हणजे ते पळून गेलेच नव्हते."

२

लेकीच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहायच्या. सगळा जन्म विमा कंपनीत गेलेला. कुणाचं दुकान जळलं, कुणाचा हात यंत्रात गेला, की खरं-खोटं करायला यांची स्वारी निघायची. प्रत्येक प्रश्न 'पण'ने सुरू करायची खोड, म्हणून ऑफिसात नाव पडलं पणबाई. ते त्यांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पण यात वाईट काय आहे?"

"मावशी, पोलीस म्हणतात अपघात असेल," लेक त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होती. "शेवटचा खेळ संपला, स्पीकरवाले, कँटीनकाका, सगळे मालकांच्या घरी जेवायला गेले, बाबा मागे राहिले, शिडीवर चढले आणि पडले. सकाळी गवंड्याने आत न बघता दार बुजवलं. मालक म्हणतात, पोरं आत शिरायची, साप निघायचे, म्हणून बुजवायला सांगितलं. झालं, फाइल बंद."

"पण तो पळून गेला असं सांगितलं कुणी होतं?"

"मालकांनीच. रिळं न्यायला गाडी येते, तिच्यात बसून मोठ्या शहरात गेला म्हणाले. सिनेमात नशीब काढायला. आईने ते खरं मानलं आणि मानलंही नाही. मरेपर्यंत संध्याकाळी दाराची कडी लावू द्यायची नाही. येईल म्हणायची." लेकीने कपातल्या कॉफीकडे नुसतं पाहिलं. "मी मात्र मानलं, मावशी. मला तर पुरावाच मिळाला होता."

"कसला पुरावा?"

लेक थोडी घुटमळली, मग तिने सांगितलं. खेळ संपला की तिचे बाबा मशीनच्या उजेडात हात धरायचे. पांढऱ्या पडद्यावर चार मजली हात उमटायचा, बोटं पाखरासारखी हलायची. सगळ्या गाड्या हॉर्न वाजवून निरोप घ्यायच्या. लोकांना वाटायचं तो आपल्याला हात करतोय. पण तो हात कँटीनसमोर खुर्चीवर आईशेजारी बसलेल्या या एका पोरीसाठी असायचा.

"शेवटच्या दिवशी हात आलाच नाही. सिनेमा संपला, पडदा पांढरा झाला, मी उभी राहून वाट बघतेय, आणि एकदम काळोख. आपल्याला टाकून जाणारा माणूस हात कशाला करेल, असं मी तेव्हापासून धरून चालले. लग्न केलं नाही ते त्याच रागात. आज सापडले, तर मला एवढंच कळू दे, त्यांनी हात का केला नाही?"

पणबाईंनी गॅसवरचं भांडं उतरवून ठेवलं. पोलिसांचं म्हणणं खरं मानलं, तर माणूस खेळ संपेपर्यंत मशीनपाशी धडधाकट होता. मग ज्या हातासाठी पोर उभी राहते, तो हात त्याने शेवटच्याच दिवशी का चुकवावा?

"पण पोरी," त्या सावकाश म्हणाल्या, "तुझे बाबा तेव्हा मशीनपाशी होते हे पाहिलं कुणी?"

३

मालक अंथरुणाला खिळले होते, पण तोरा जागच्या जागी होता. पणबाईंना त्यांनी बसा म्हटलं नाही. त्या बसल्या.

"मी सिनेमाभर पाहुण्यांबरोबर होतो," मालक म्हणाले. "जमीन घेणारे लोक. पहिल्या ओळीत, त्यांच्याच गाडीत. दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या. मधेच पडदा काळा पडला, तेव्हा माझी मान खाली गेली. त्या ऑपरेटरचं लक्षच नव्हतं कामात. पळायचे बेत चालले असणार, असंच मला वाटलं."

"पण तो गाडीत बसून गेला हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"कुणीतरी सांगितलं."

"कोणी?"

"इतक्या वर्षांनी आठवतंय होय!" मालकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "अहो बाई, गेलेल्या माणसाला उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

पणबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पण पडद्याच्या मागची ती लोखंडी शिडी. ती जमिनीपासून होती का हो?"

"खालचा भाग गंजून पडला होता. लाकडी शिडी टेकवावी लागायची. नुसती घसरायची ती, दुसऱ्या माणसाने धरल्याशिवाय..."

मालक बोलता बोलता थांबले. पणबाईंनी दार हळूच लोटून घेतलं.

४

स्पीकर दुरुस्त करणारा माणूस सतत काहीतरी गुणगुणायचा, म्हणून त्याला सगळे गुणगुण्या म्हणत. आता कानाने अधू झालेला, पण गुणगुण चालूच. घरभर जुने स्पीकर लटकत होते. कित्येकांना तुटक्या वायरीच्या शेपट्या होत्या.

"हे बघा, ही सगळी विसरभोळ्यांची कृपा," तो हसून म्हणाला. "खिडकीला स्पीकर तसाच लटकलेला आणि यांनी गाडी सोडली की वायर तटकन तुटायची. मग दुसऱ्या दिवशी तोंड लपवून परत आणून द्यायचे."

लेक त्याच्यासमोर बसली आणि त्याचं हसू मावळलं. "तुझ्या बाबांसारखा ऑपरेटर नाही झाला बघ. एक रीळ संपून दुसरं कधी लागलं, कळायचं नाही. पण त्या शेवटच्या रात्री इंटरव्हलनंतर काय बिघडलं कोण जाणे. चित्र काळं पडायचं, आवाज मात्र चालू. तीनदा तरी झालं असेल. लोक हॉर्न वाजवून वाजवून हैराण. मी टॉर्च घेऊन गाड्यागाड्यांतून हात जोडत फिरत होतो."

"मला आठवतंय," लेक म्हणाली. "तुम्ही आमच्यापाशीही आलात. मी लाह्यांसाठी रडत होते आणि कँटीनचं शटर खाली होतं. आई म्हणाली, संपल्या असतील."

"पण आणखी काही वेगळं होतं का?" पणबाईंनी विचारलं.

गुणगुण्याने डोकं खाजवलं. "आवाज! इंटरव्हलनंतर आवाज एकदम अंगावर आला. गाडीगाडीतला माणूस बटण पिळून कमी करत होता. आणि हो, वरचा निळा दिवा गेला. पडद्याच्या टोकावर असायचा, लांबून दिसावा म्हणून. इंटरव्हलपर्यंत होता, मी स्वतः पाहिलेला. नंतर वर बघतो तर नाही. म्हटलं, आता शेवटच्या दिवशी बदलायला कोण चढतंय."

लेक एकदम ताठ झाली. तिचा हात पणबाईंच्या मनगटावर येऊन घट्ट बसला.

"मी त्याला चांदोबा म्हणायचे," ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मला तो हवा होता. बाबा म्हणायचे, थिएटर चालू आहे तोवर तो सगळ्यांचा. शेवटच्या दिवशी काढून तुला देईन."

खिशातला निळा चुरा. पणबाईंनी मनात हिशेब मांडला. ऑपरेटर खेळ संपल्यावर चढलाच नव्हता. तो चढला इंटरव्हलमधे आणि पुन्हा त्या खोलीतून बाहेर आला नाही. म्हणजे सिनेमाचा सगळा दुसरा भाग, गाड्यांतले लोक हॉर्न वाजवत पडद्याकडे बघत होते, आणि ज्याने तो दाखवायचा तो त्याच पडद्याच्या पोटात पडलेला होता.

मग मशीनवर कोण बसलं होतं?

५

त्या रात्री पणबाईंना झोप लागेना. मालक पाहुण्यांत, गुणगुण्या गाड्यांत. थिएटरच्या माणसांत राहिला एकच, ज्याचं शटर खाली होतं. पण नुसतं राहिला म्हणून कुणाच्या माथी खापर फोडायचं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. जन्मभर लोकांनी तेच केलेलं पाहून त्यांचं डोकं फिरायचं.

सकाळी त्यांनी लेकीला हाक मारली. "ती काळी काच कशासाठी गं?"

"मशीनमधे दिव्याऐवजी कार्बनच्या दोन कांड्या असायच्या. त्यांच्यामधे ठिणगी पेटती ठेवायची. कांड्या जळत जातात, तशा हळूहळू जवळ आणाव्या लागतात, नाहीतर उजेडच जातो. तो उजेड सूर्यासारखा, उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही. मशीनच्या झरोक्याची काच फुटली होती, म्हणून बाबा आपली काच गळ्यात घालायचे. आंघोळीला तेवढी काढायचे."

"आणि ती काच त्यांच्याबरोबर त्या खोलीत गेली," पणबाई म्हणाल्या. "म्हणजे मशीनवर जो बसला त्याच्याकडे काच नव्हती. कांड्यांकडे बघता येईना, म्हणून चित्र काळं पडत राहिलं. आणि बघितलं असेल, तर..."

त्या थांबल्या. वेल्डिंगच्या कारखान्यातली माणसं त्यांना आठवली. काच न लावता काम केलेली. त्या वेळी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी उठतात ते डोळे सुजून लाल, नुसत्या धारा लागलेल्या. असे कितीतरी दावे त्यांनी तपासले होते.

"पण पोरी, आठवून सांग. दुसऱ्या दिवशी कुणाचे डोळे आले होते का?"

लेकीने नाही म्हणून मान हलवली. मग ती मान मधेच थांबली.

"डोळे आले नव्हते कुणाचे," ती म्हणाली. "पण सकाळी कँटीनकाका घरी आले होते. आईसमोर बसून रडत होते. नुसते लालभडक डोळे, दोन दिवस पाणी थांबेना. आई नेहमी म्हणायची, आपल्यासाठी रडलं ते हे एकच माणूस."

६

कँटीनकाकांचं आता स्वतःचं मोठं हॉटेल होतं. दुपारची गर्दी ओसरल्यावर दोघी गेल्या. काका लेकीला पाहून गल्ल्यावरून उठलेच. या माणसाने तिच्या शाळेच्या पुस्तकांपासून आईच्या औषधांपर्यंत सगळं पाहिलं होतं. तिच्या आयुष्यात बापाच्या जागी कुणी असेल तर हाच.

"ये बाळा, बस. ऐकलं मी सगळं. घास उतरत नाहीये बघ घशाखाली."

"काका, त्या शेवटच्या खेळाची आठवण सांगा ना," लेक म्हणाली. हात तिने टेबलाखाली एकमेकांत गुंतवून ठेवले होते.

"काय सांगू? मी शेवटपर्यंत लाह्या विकत होतो. तुडुंब गर्दी. मधे मधे चित्र जायचं, कांडी जळून मागे सरकायची आणि ठिणगी तुटायची. लोक शिव्या घालत होते बिचाऱ्याला."

"पण काका," पणबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बाहेरून तर पडदा नुसता काळा दिसला. कुणाला वाटलं वीज गेली, कुणाला वाटलं फिल्म तुटली. कांडी मागे सरकली हे लाह्या विकताना कुठून दिसलं?"

काकांचा हात टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि पेला न उचलताच परत आला.

"शटर खाली होतं, काका," लेक म्हणाली. "मी लाह्यांसाठी रडले होते."

आत कुणीतरी भांडी घासत होतं. काका इतके थकलेले दिसले, की पणबाईंना क्षणभर त्यांची दया आली. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"शिडी मीच धरली होती," काका म्हणाले. "तुला दिवा द्यायचा म्हणून चढला तो. हसत होता. काढला, खिशात घातला, उतरायला लागला. तेवढ्यात कँटीनवर कुणीतरी ओरडलं, कॉफी उतू जातेय. मी म्हटलं, थांब हां, आलोच. हात सोडला आणि दोन पावलं टाकली फक्त. मागून धाडकन आवाज आला."

"मग?"

"मालक धावत आले. म्हणाले, पाहुण्यांना कळलं तर उद्याच्या सह्या बोंबलतील. मी बघतो, डॉक्टर आणतो, तू मशीन सांभाळ. त्याच्याजवळ बसून थोडंफार शिकलो होतो मी. खेळ संपल्यावर आलो, तर म्हणाले, आटोपलं सगळं. दार बंद होतं. मी उघडलं नाही. जेवायला गेलो त्यांच्याकडे. जेवलो, बाळा! मालक म्हणाले, आता बोललास तर शिडी सोडणारा तू आहेस. आणि मी गप्प बसलो. तुझी आई कडी उघडी ठेवून बसायची, ते बघून रोज वाटायचं आज सांगेन."

कोडं सुटलं होतं. पण पणबाई उठल्या नाहीत. गुणगुण्याच्या घरी ऐकलेली एक गोष्ट त्यांच्या डोक्यात तशीच उरली होती, आणि ती विचारायची त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती.

"पण काका," त्या म्हणाल्या, "आवाज का वाढवलात?"

७

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बोटांमधून शब्द आले ते फुटलेले.

"मालकांनी सांगितलं. पहिली ओळ पडद्याच्या अगदी जवळ होती. तो कण्हत होता गं."

पणबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"काय म्हणत होते?" तिने विचारलं.

"एकच. 'दिवा फुटला रे. दिवा फुटला.' मी म्हटलं, पडून राहा, डॉक्टर येतोय. तर म्हणे, 'तिला सांगू नको फुटला म्हणून.'"

लेक उभी राहिली. ती ओरडेल, निदान रडेल असं वाटत होतं, पण ती वर्गात बोलते तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "काका, माझी पुस्तकं तुम्ही आणलीत, ते मी विसरणार नाही. आणि तुमचं तोंडही मी यापुढे बघणार नाही. आत्ता पोलिसांकडे चला. मला सांगितलंत तेच तिथे सांगायचं, आणि मग ज्या ज्या घरात माझा बाप पळपुटा ठरला त्या प्रत्येक घरी जाऊन सांगायचं. आईला मात्र आता कुणीच सांगू शकत नाही."

काका उठले. गल्ल्याची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि दोघींच्या मागून मुकाट्याने चालू लागले.

पोलीस चौकीतून बाहेर पडेपर्यंत दिवस मावळायला आला होता. लेकीने गाडी घराकडे न नेता मैदानाकडे वळवली. पणबाईंनी 'पण' म्हणायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा मिटून घेतलं.

पडदा अर्धा पाडलेला होता. उरलेला भाग करड्या उजेडात उभा होता, खाली त्या दाराची काळी चौकट. वारा सुटला होता आणि गवतातले खांब खरोखरच काहीतरी पुटपुटत होते. लेकीने गाडी पहिल्या उंचवट्यावर चढवली. गाडीचं तोंड आपोआप वर उचललं गेलं, तशी तिने दिवे लावले आणि खाली उतरली.

ती उजेडात जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर केला. समोरच्या मोडक्या भिंतीवर प्रचंड मोठा हात उमटला, कडा थोड्या विरघळलेल्या. तिने बोटं हलवली. पाखरू हललं.

"बाबा," ती म्हणाली, "दिवा फुटला तर फुटू दे."

गाडीत बसलेल्या पणबाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी हात लांब करून हॉर्न दाबला, आणि बराच वेळ दाबून धरला.